आधी कॉलम, मग कपाट

सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये मी बसवलेल्या कपाटाचे खालचे दोन ड्रॉवर अर्धेच उघडले. संगणकावर तेच कपाट चोख बसलं होतं. कपाट कोपऱ्यात होतं, लागूनच्या भिंतीत बाथरूमचं दार होतं आणि त्या दाराची चौकट भिंतीच्या बाहेर २५ मिमी आलेली होती. ड्रॉवर ओढला की त्याचं तोंड चौकटीवर थडकायचं. सॉफ्टवेअरमध्ये मी दार दाखवलं होतं, पण भिंतीतलं नुसतं भोक म्हणून. चौकट दाखवायची राहिली होती. घरच्या मावशी रागावल्या नाहीत. ड्रॉवरमध्ये ठेवायच्या साड्या त्यांनी मुकाट्याने वरच्या कप्प्यात लावल्या, आणि ते पाहणं मला जड गेलं. पुढच्या दोन आठवड्यांत ड्रॉवर अरुंद करून आणि कडेला ५० मिमीची पट्टी देऊन ते काम नीट करून दिलं.

आता सोलापुरात बरेच जण घरचं कपाट, किचन, टीव्हीचं युनिट स्वतः संगणकावर काढून मिस्त्रींच्या हातात देतात. स्केचअप आहे, फुकट मिळणारं स्वीट होम थ्रीडी आहे, शिवाय केवळ कपाटांसाठी बनवलेली सॉफ्टवेअर आहेत. रिकाम्या चौकोनी खोलीत कपाट काढायला तासभर पुरतो. पण आपल्या घरांत रिकामी चौकोनी खोली कुठे असते? कॉलम असतो, बीम असतो, स्विचबोर्ड, खिडकी, स्कर्टिंग, भिंतीवरून उघडा गेलेला पाइप असतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत हे सगळे अडथळे, आणि कपाट बसणार की अडकणार हे तेच ठरवतात.

एका शब्दाचा घोळ आधीच मिटवतो. आपल्याकडे रूमलाही खोली म्हणतात आणि एखादी वस्तू आत किती जाते त्यालाही खोलीच. म्हणून कपाट भिंतीपासून किती पुढे येतं, त्याला मी इथे मिस्त्रींसारखंच डेप्थ म्हणणार आहे.

सॉफ्टवेअरला टक्कर कशी कळते

संगणकाला कॉलम आणि कपाट यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही खोकीच. प्रत्येक खोक्याचे सहा आकडे असतात: डाव्या कोपऱ्यापासून कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, भिंतीपासून कुठून कुठवर आहे, जमिनीपासून कुठून कुठवर. दोन खोकी या तिन्ही दिशांना एकमेकांवर चढली तरच टक्कर. एका जरी दिशेला मोकळीक असेल, तर टक्कर नाही. समजा स्विचबोर्ड डावीकडून ४०० ते ६२० मिमीवर आहे आणि उंचीला १२०० ते १३५० वर. त्याच्या खाली ७५० उंचीचं बुटकं कपाट ठेवलं, तर डाव्या-उजव्या मापात दोघं एकमेकांवर येतात, पण उंचीत ४५० मिमीचं अंतर राहतं. म्हणजे जमलं.

हिशोब इतका साधा आहे, आणि म्हणूनच त्याची मर्यादाही स्पष्ट आहे: जे खोकं तुम्ही काढलंच नाही, त्याच्याशी टक्कर संगणक दाखवू शकत नाही. माझी चौकट तशीच सुटली होती.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक अडथळ्याला एक अंग असतं आणि एक वावर असतो. दाराचं अंग म्हणजे फळी आणि चौकट. दाराचा वावर म्हणजे ते उघडताना जमिनीवर जो पाव गोल फिरतं तो. ९०० मिमीचं दार असेल, तर ९०० त्रिज्येचा. स्विचबोर्डाचं अंग भिंतीतून जेमतेम बाहेर येतं, पण बटणापर्यंत हात पोचायला आणि सॉकेटमध्ये चार्जर खुपसायला समोर जागा लागते, ती जागा हा त्याचा वावर. आत उघडणारी खिडकी, एसीची जाळी काढून धुण्याची जागा, पाइपवरच्या व्हॉल्व्हची फिरकी, हे सगळं वावरातच धरायचं. कपाटालाही वावर असतोच, शटर उघडतं आणि ड्रॉवर बाहेर येतो. घरात जे अडतं ते बहुतेक वेळा अंगाला अंग लागून अडत नाही, वावरात वावर घुसून अडतं.

म्हणून मी प्रत्येक अडथळ्यासाठी दोन खोकी काढतो. अंगाचं भरीव, राखाडी. वावराचं पारदर्शक, पिवळं. स्केचअपमध्ये सगळे वावर एका वेगळ्या टॅगवर, म्हणजे वेगळ्या थरावर, ठेवले की हवे तेव्हा लपवता येतात. हे विशेष करून स्केचअपवाल्यांना सांगायला हवं, कारण ते टक्कर झाल्याचा इशारा स्वतःहून देत नाही. एक फळी कॉलमच्या पोटात घुसली तरी चित्र सुंदरच दिसतं. एक्स-रे दृश्य चालू करून, वरून आणि बाजूने, आपणच शोधावं लागतं. दोन पृष्ठभाग नेमके एकाच जागी आले की तिथे झगमग दिसते, तेवढीच काय ती खूण. स्वीट होम थ्रीडीमध्ये भिंत वेड्यावाकड्या कोनात काढता येते. कॉलमसाठी एक साधं खोकं ठेवून लांबी, रुंदी, उंची भरायची. बीमसाठी तेच खोकं, फक्त त्याची जमिनीपासूनची उंची २५९० वगैरे द्यायची, म्हणजे ते वर तरंगतं. कपाटांच्या खास सॉफ्टवेअरमध्ये अडथळ्यांची तयार यादी असते. त्यातली काही लाल रंग दाखवून थांबतात, काही फळीला आपोआप खाच पाडतात. आपोआप पडलेल्या खाचेवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. का, ते पुढे येईल.

टेप कुठून धरायचा

मापं फरशी आणि प्लास्टर झाल्यावरच घ्यायची. बिल्डरच्या कागदी नकाशावरून कपाट काढलं, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर कुणाच्याच हिशोबात नसतं.

एकच कोपरा धरायचा आणि सगळी मापं तिथूनच मोजायची. कॉलम इथे सुरू, इथे संपला, बोर्ड इथे, खिडकी इथे, सगळं त्याच कोपऱ्यापासून. कोपऱ्यापासून कॉलम, मग कॉलमपासून खिडकी, मग खिडकीपासून बोर्ड असं तुकड्यातुकड्याने मोजलं, तर प्रत्येक तुकड्यातली सूत-सूत चूक साठत जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीहून थोडं जास्त. चार तुकड्यांत अर्धा इंच हातातून जातो.

भिंतीची लांबी तीन उंचींवर घ्या: स्कर्टिंगच्या वर, कमरेशी, दाराच्या माथ्याशी. माझ्या एका मापात खाली ३३४०, मध्ये ३३३२ आणि वर ३३२५ आलं. कपाट ३३२५ धरून करायचं. उरलेली फट कडेला लावलेली पट्टी झाकते. मग ओळंबा सोडून भिंत पुढे झुकली आहे का ते बघा, आणि जमिनीचा उतार पाणसळीने तपासा. आपल्याकडे हे टाळून चालत नाही. सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंती आणि जमीन तिच्याबरोबर थोडी थोडी हलतात. जुन्या शहाबादी फरशीला तर धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. खाली वरखाली होणारे पाय लावले तर हा फरक निस्तरतो. पण पायांची उंची सॉफ्टवेअरमध्ये आधी धरलेली हवी.

कोपरा गुण्यात आहे का, हे गवंडी तीन-चार-पाचने बघतात. एका भिंतीवर ९०० मिमीवर खूण, दुसरीवर १२०० वर. दोन खुणांमधलं अंतर १५०० आलं तर कोपरा काटकोनात. एका घरात मला १५१० आलं. दहा मिमीने काय बिघडतं असं वाटेल, पण ६०० डेप्थच्या कपाटाची बाजू भिंतीला टेकवली की पुढच्या टोकाला ८ मिमीची फट पडते. शटरच्या रेषेत ती फट लगेच डोळ्यात भरते. सॉफ्टवेअरमध्ये खोली तशीच वाकडी काढली, तर ती फट कागदावरच दिसते आणि पट्टी किती रुंद हवी ते कळतं.

मधोमध आलेला कॉलम

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. जुळे सोलापुरातला तिसरा मजला, ३३२५ मिमीची भिंत, कपाटाची डेप्थ ६००. भिंत सहा इंची, म्हणजे १५० मिमी. कॉलम नऊ इंची, २३० मिमी. बाहेरून दोघांची रेष एक ठेवलेली, त्यामुळे फरकाचे ८० मिमी घरात येतात. आपल्याकडच्या हजारो फ्लॅटमध्ये हीच कहाणी आहे. हा कॉलम डाव्या कोपऱ्यापासून २००० ते २२३० वर होता.

सरळ तीन समान खण पाडले, तर खणांच्या सीमा साधारण ११०० आणि २२०० वर येतात. कॉलम २००० ते २२३०. म्हणजे तो दुसऱ्या खणात आहे, तिसऱ्याही खणात थोडा घुसतो आणि २२०० वरची उभी फळी नेमकी त्याच्या अंगावर येते. दोन खणांतले सगळे कप्पे खाचेचे, उभी फळी खाचेची, मागची पाठ तुकड्यांची.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: कपाट ८० मिमी पुढे ओढा. सोपं आहे, एकही खाच नाही. पण ३३२५ लांबीला ८० म्हणजे जवळजवळ तीन चौरस फूट जागा कपाटामागे कायमची कोंडली जाते. त्या पोकळीत झाडू जात नाही, आणि वाळवी आत शिरली तर ती दिसणारही नाही. लहान बेडरूममध्ये पलंग आणि कपाट यांच्यातली वाट अरुंद होते ती वेगळीच. मला हा उपाय आवडत नाही.

दुसरा उपाय खाचांचा. इथे सॉफ्टवेअर फसवतं. पडद्यावर खाच म्हणजे माउसची एक टिचकी. सुताराच्या टेबलावर ती आतला कोपरा असलेली कापणी असते, आणि त्या आतल्या कोपऱ्याला एज बँड, म्हणजे प्लायची कापलेली कड झाकणारी पातळ पट्टी, यंत्राने बसत नाही, हाताने चिकटवावा लागतो. प्लायही वाचत नाही, कारण कटिंग लिस्टमध्ये खाचेची फळी पूर्ण आयत म्हणूनच धरली जाते. शिवाय बाजूच्या फळ्यांवर कप्प्यांसाठी जी भोकं पाडतात, त्यांत ३२ मिमीच्या पद्धतीत, म्हणजे दर ३२ मिमीवर एक भोक, पुढची रांग कडेपासून ३७ मिमीवर असते आणि दुसरी रांग मागे. मागच्या कडेला ९० मिमीची (कॉलमचे ८० आणि मोकळीक १०) खाच पडली की मागची रांग खाचेत जाते. काही सॉफ्टवेअर खाच पाडतात आणि भोकं होती तिथेच, हवेत, ठेवतात. फॅक्टरीतून फळी आल्यावरच ते लक्षात येतं.

मी केलं ते असं: खणांच्या सीमाच कॉलमच्या कडांवर आणल्या. दोन्ही टोकांना १५ मिमीची पट्टी. मधे चार खोकी: ९८५, ९८५, २७० आणि १०५५. बेरीज करून बघा, ३३२५ भरते. तिसरं, २७० चं अरुंद खोकं १९८५ ते २२५५ वर येतं आणि कॉलम पूर्णपणे त्याच्या मागे राहतो, डावीकडे १५ आणि उजवीकडे २५ ची मोकळीक ठेवून. फक्त त्या एका खोक्याची डेप्थ कमी: ६०० मधून कॉलमचे ८० आणि मोकळीक १०, उरले ५१०. बाकी तिन्ही खोकी पूर्ण डेप्थची, एकही खाच नाही. समोरून शटर एका रेषेत, आत कॉलम आहे हे कळतही नाही.

त्या अरुंद खणाला आतून २३४ मिमी रुंदी मिळते. त्यात इस्त्रीचं टेबल, छत्र्या, गुंडाळलेली सतरंजी उभी राहते. कपडे टांगायला तो नाही. हँगर साधारण साडेचारशे मिमीचा, त्यावर कपड्याचा फुगार, म्हणून टांगायच्या खणाला आतून किमान ५२०-५३० डेप्थ लागते. अडथळ्यामुळे कमी झालेली डेप्थ नेहमी घडीच्या कपड्यांना किंवा उभ्या वस्तूंना द्यावी, दांडीला कधीच नाही. प्लायच्या हिशोबातही हे बरं पडतं: ८ बाय ४ च्या, म्हणजे २४४० बाय १२२० च्या शीटमधून ५१० च्या दोन पट्ट्या काढल्या की जवळपास १९५ मिमीची पट्टी उरते. ड्रॉवरच्या बाजू तिच्यातूनच निघाल्या.

कॉलम कोपऱ्यात असेल तर हाच विचार आणखी सोपा होतो. शेवटचं खोकं कमी डेप्थचं करायचं, झालं.

वर आणि मागे

बीमला लोक विसरतात, कारण माप घेताना मान वर जात नाही. याच घरात बीमही कॉलमइतकाच ८० मिमी पुढे होता आणि त्याची खालची कड २५९० वर होती. लॉफ्ट तिथपर्यंतच पूर्ण डेप्थचा ठेवला आणि वरचा भाग साध्या फळीने बंद केला. स्लॅबपर्यंत नेण्याचा हट्ट धरला असता, तर ज्या जागेत स्टुलावर चढूनही हात पोचत नाही तिच्यासाठी खाचांचे पैसे गेले असते.

उंचीचा आणखी एक अडथळा कुठल्याच चित्रात दिसत नाही. कपाटाचं खोकं जमिनीवर आडवं जोडतात आणि मग उभं करतात. उभं होताना त्याचा कर्ण छताखालून जायला हवा. फॉल्स सीलिंग २६०० वर आहे आणि कपाट २५५० चं केलं, तर वर ५० मिमी मोकळे दिसतात. पण २५५० उंची आणि ६०० डेप्थचा कर्ण २६२० भरतो. ते कपाट त्या खोलीत उभंच राहणार नाही. २४०० चं केलं तर कर्ण २४७४, आरामात उभं राहतं. त्याहून उंच हवं असेल तर खालचं आणि वरचं खोकं वेगळं करावं.

स्विचबोर्डाबद्दल मी आग्रही आहे. बोर्ड कपाटाच्या आत घेऊन पाठीला चौकोनी भोक पाडायचं, ही पद्धत सर्रास चालते. नुसतं दिव्याचं बटण असेल तर एक वेळ ठीक. पण ज्या सॉकेटवर इस्त्री किंवा गीझर चालतो तो कपड्यांच्या मागे ठेवू नये. सैल जोडणी तापते, आणि तिच्या पुढ्यात कापड असतं. फर्निचरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि बोर्ड हलवून घ्या. एमसीबीचा, म्हणजे घरची वीज तोडणाऱ्या खटक्यांचा, डबा तर कधीच झाकायचा नाही. अंधारात, घाईत, घरातल्या कुणाचाही हात तिथे पोचला पाहिजे.

खिडकीही तशीच. कागदावर खिडकीवरून कपाट नेलं की आठ फुटांची जागा मिळते. पण मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणाऱ्या गावात रात्रीची वाऱ्याची वाट बुजवून साड्यांना जागा करू नये. खिडकीच्या कट्ट्याखाली बुटकी बैठक-पेटी काढा, तिच्यात पांघरुणं मावतात.

स्वयंपाकघरात आपल्या गावचा एक खास अडथळा आहे: पाण्याचा ड्रम. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून साठवण हवीच. २०० लिटरचा ड्रम साधारण ५८० मिमी व्यासाचा आणि ८८० उंच असतो. ओटा असतो ८५० च्या आसपास. म्हणजे ड्रम ओट्याखाली जात नाही. त्याला वेगळी उभी जागा लागते, वर झाकण काढून तांब्या बुडवायची मोकळीक लागते आणि नळापासून पाइप पोचायला हवा. बाहेरगावच्या तयार किचन डिझाइनमध्ये ड्रम कधीच नसतो. तो भिंतीला जोडलेला नाही म्हणून अडथळ्यांत धरला जात नाही, आणि मग नव्या किचनच्या दारात उभा राहतो. आधी ड्रम काढा, मग सिंक.

काढलेलं सगळं मिस्त्रींना देताना मी कपाटाच्या चित्राआधी खोलीचं चित्र देतो, फक्त अडथळे दाखवलेलं, मिमी आणि इंच-सूत दोन्हींत. आमचे मिस्त्री ते घेऊन भिंतीवर खडूने खोक्यांच्या सीमा आखतात. दोनदा असं झालं की खडूची रेघ अशा एका पाइपवरून गेली, जो मला दिसलाच नव्हता. कापणी सुरू व्हायच्या आत चित्र बदललं.

बाळीवेशीजवळ एका माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात मागच्या वर्षी काम केलं. दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत, वर लाकडी तुळया, एकही कोपरा गुण्यात नाही. ज्या भिंतीला कपाट हवं होतं तिच्यात मधोमध कोनाडा होता, ३०० रुंद आणि ४५० उंच. मुलगा म्हणाला, बुजवून टाकू, सरळ भिंत मिळेल. आजी म्हणाल्या, दिवा तिथेच लागतो. मी सॉफ्टवेअरमध्ये कोनाड्याचं अंग काढलं आणि मग त्याचा वावर: समोर आजींना पाट मांडून बसायला ९०० मिमी, दोन्ही बाजूंना १५० आणि ज्योतीच्या वर माळवदापर्यंत काहीच नाही, कारण तेवढ्या जवळ लाकूड नको. दोन कपाटं झाली, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्हींच्या आतल्या बाजूंना मायकाऐवजी कडप्प्याची पातळ फरशी लावली. मधली ६०० मिमीची जागा मोकळी आहे. आजी संध्याकाळी तिथे बसतात.